झडतीमामा आणि हलकं झालेलं घुबड

झडतीमामांना आईवडिलांनी ठेवलेलं एक चांगलं नाव होतं, पण ते वापरायची वेळ फारशी कोणावर आली नाही. सुट्या भागांच्या एका कारखान्याच्या फाटकावर त्यांनी उभी हयात काढली. पाळी सुटली की बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाची पिशवी उघडायची, डबा उघडायचा, संशय आला तर चपला काढायला लावायच्या. अशा रीतीने त्यांनी पुष्कळ स्क्रू आणि थोडं पितळ वाचवलं. पुढे कारखाना बंद पडला, तेव्हा मालकाने सगळी यंत्रं ट्रकांत भरून त्याच फाटकातून नेली. कागद बरोबर होते. मामांनी फाटक उघडून सलाम ठोकला.

लग्नाचं म्हणाल तर एक स्थळ आलं होतं. मामांनी मुलीकडच्यांची इतकी खोलात शिरून चौकशी केली, की आपण खरंच काहीतरी लपवतोय की काय असं त्या बिचाऱ्यांनाच वाटू लागलं आणि त्यांनी नाद सोडला.

म्हातारपणी ते थोरल्या बहिणीकडे, अक्कांकडे राहायला आले. अक्कांचे यजमान, म्हणजे मामांचे दाजी, शाळेत शिकवायचे आणि फावल्या वेळात लाकडाचे पक्षी कोरायचे. फावला वेळ त्यांना बराच मिळत असावा, कारण ते गेले तेव्हा घराच्या पुढच्या दोन्ही खोल्यांत माणसांना टेकायला जागा उरली नव्हती. खिडकीत खंड्या, कोपऱ्यात बगळा, कपाटावर घुबड, आढ्याला टांगलेली घार. अक्कांनी दाराबाहेर पाटी लावली आणि त्याचं संग्रहालय झालं. मागच्या अवजारांच्या खोलीत मामांची खाट पडली. पक्ष्यांवर लक्ष ठेवायचं, एवढंच काम. मामांनी पक्ष्यांकडे क्वचितच पाहिलं. त्यांचं लक्ष माणसांवर असे.

येईल त्याने पक्षी हातात घेऊन पाहावा, असा दाजींचा आग्रह होता. मामांनी पहिल्याच आठवड्यात हा लाड बंद केला. रस्त्याकडेला पडलेल्या वाळक्या फांद्या गोळा करून त्यांनी प्रत्येक फळीसमोर कमरेइतकं कुंपण बांधलं. बघणाऱ्यांना वाटे, सजावट आहे. शिवाय मामांची एक खास पद्धत होती: धूळ पुसायची नाही. धूळ बसलेली असली की कोणी काय उचललं, कुठे हात टेकला, सगळं सकाळी वाचता येतं. अक्का फडकं घेऊन आल्या की ते त्यांच्या हातातून काढून घेत आणि म्हणत, "अक्का, पुरावा पुसतेस तू."

एकदा कपाटाचा पाय हलतोय म्हणून त्यांनी वरचं घुबड उतरवलं आणि हात जागच्या जागी थांबला. घुबड हलकं होतं. कारखान्यात डबा हातात घेतला की आत भाजी आहे की पितळ, हे त्यांना झाकण न उघडता कळायचं. हेच घुबड पूर्वी त्यांनी दोन्ही हातांनी चढवलं होतं. आता ते एका हाताने पेलत होतं. मामांचा निष्कर्ष तिथल्या तिथे निघाला: खरं घुबड गेलं, त्याजागी कोणीतरी पोकळ नक्कल आणून ठेवली.

हे अक्कांना सांगण्याची सोय नव्हती. शहरातलं मोठं संग्रहालय हे पक्षी कधीपासून मागत होतं, आणि अक्कांनी एकदा स्पष्टच सांगितलं होतं की इथून एक जरी पक्षी गेला, तर उरलेले त्यांना देऊन टाकीन आणि मी लेकीकडे जाईन. "आणि मी?" असं मामांनी विचारलं, तेव्हा त्या "बघू" म्हणाल्या होत्या. त्या "बघू"ने मामांची झोप कैक वेळा मोडली होती. तेव्हा चोर गुपचूप पकडायचा आणि घुबड जागच्या जागी आणायचं, हाच एक रस्ता होता.

चोर कोण, यावर फार डोकं चालवावं लागलं नाही. अशी नक्कल एकच माणूस करू शकत होता: दाजींच्या हाताखाली कोरकाम शिकलेला सुतार. तो मधूनमधून येई, तुटलेली चोच चिकटवी, सुटलेला पाय बसवी आणि जाताना न सांगता पिशवी उघडून दाखवी. न सांगता पिशवी दाखवणारा माणूस मामांच्या मते आधीच अर्धा सापडलेला असतो. त्यातून कपाटाच्या धुळीत मामांना पिवळसर भुशाच्या बारीक ढिगल्या दिसल्या. म्हणजे पठ्ठ्याने कानस इथेच चालवली होती.

मामा स्टूल करून घ्यायचं निमित्त काढून त्याच्या दुकानात गेले. स्टुलाची उंची सांगता सांगता नजर फळ्यांवरून फिरवली. सुताराने घाईघाईने एका वस्तूवर कापड टाकलं. कापडाखालून एक लाकडी पंजा बाहेर राहिला होता. घुबडाचा.

पुढच्या खेपेला सुतार आला, तेव्हा मामांनी दाराला आतून कडी घातली आणि घुबड टेबलावर ठेवलं. खरं कुठे आहे, एवढंच विचारलं. सुताराला आधी प्रश्नच कळेना. कळला तेव्हा तो खाली बसला.

"इतकी वर्षं पिशवी उघडून दाखवतोय मामा. मला वाटायचं, तुमची सवय आहे."

मामांनी दुकानातल्या पंजाची आठवण करून दिली.

"तुम्ही लोकांना हात लावू देत नाही, म्हणून त्यांच्यासाठी आठवणीवरून दुसरं करायला बसलो. कान जमले नाहीत, म्हणून झाकलं."

आवाज ऐकून अक्का आतून आल्या आणि त्यांना सगळं सांगणं भाग पडलं. सुताराने घुबड उलटं केलं. दाजी प्रत्येक पक्ष्याच्या बुडाशी नखाएवढी साल तशीच ठेवत. साल तिथे होती. घुबड दाजींचंच होतं. मग सुताराने ते टेबलावर हलकेच आपटलं. सालीशेजारच्या टाचणीएवढ्या भोकांतून पिवळं पीठ सांडलं.

"कीड," तो म्हणाला. "आतून खाल्लंय."

तो उठून फळ्या बघत गेला. प्रत्येक पक्ष्याखाली तसल्याच ढिगल्या होत्या. सर्वांत जास्त सुतारपक्ष्याखाली. सुतारपक्षी जन्मभर जी कीड खातो, तिनेच त्याला खाल्लं होतं. शेवटी त्याने कुंपणातली एक फांदी काढून गुडघ्यावर मोडली. आत लाकूड थोडं आणि किडीच्या वाटाच फार होत्या. त्याने दोन्ही तुकडे मामांसमोर ठेवले.

"धूळ पुसू दिली असतीस, तर मला दिसलं असतं रे," अक्का म्हणाल्या आणि फोनकडे गेल्या.

मामा मागच्या खोलीत जाऊन खाटेवर बसले. ट्रंक बाहेर ओढायची की थांबायचं, याचा विचार करत असताना अक्का दारात आल्या. शहरवाल्यांनी नकार दिला होता. त्यांच्याकडे म्हणे आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची आधी तपासणी होते आणि किडलेलं लाकूड दारातूनच परत जातं.

"आत येणाऱ्या?" मामांनी विचारलं. फाटकावरच्या सगळ्या वर्षांत ही कल्पना त्यांना शिवली नव्हती.

"हो. तेव्हा पक्षी राहिले इथेच. आणि पक्षी इथे, तर तूही इथेच. फक्त उद्यापासून हातात फडकं घे."

किडीला गारठा सोसत नाही, असं सुतार म्हणाला. त्याचा मेव्हणा आइस्क्रीमचा धंदा करतो, त्याचा मोठा फ्रीझर रिकामा होता. एकेक पक्षी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बाहेर निघाला. कागद कसलेच नव्हते. मामांनी दार धरलं आणि एकही पिशवी उघडली नाही. कुंपण त्यांनी स्वतः अंगणात नेऊन जाळलं.

पक्षी परतले, तेव्हा सुताराने स्वतःचं घुबडही आणलं. दाजींचं फार पोखरलं गेलंय, हात लावायला लोकांना हे ठेवा, म्हणाला. कान अजूनही जमलेले नव्हते. मामांनी त्याला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, पायरीवर पांढरा कागद पसरला, त्यावर घुबड आपटलं आणि त्याच्या पोटाला कान लावून बसले.

"मामा, लाकूड नवीन आहे."

"असेल," मामा म्हणाले आणि त्यांनी घुबड उलटं करून पुन्हा आपटलं. कागदावर काही पडलं नाही. तरी ते घुबड त्या दिवशी पायरीवरच राहिलं. दुसऱ्या दिवशी कागद कोरा दिसला, तेव्हा मामांनी फडक्याने फळी पुसली आणि त्याला आत घेतलं.