पिवळा ठिपका

गाडी पुढे गेलीच नाही. जागच्या जागी थरथरली, आतून कडकड आवाज आला आणि थांबली. रिमोट देशमुख सरांच्या हातात होता. त्यांनी रेश्माकडे पाहिलं. मी तिच्या शेजारीच उभा होतो. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

मी भिंगारचा. लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन फिटर म्हणून पस्तीस वर्षं काढली. ट्रकचं डिफरेन्शियल ही माझी खासियत. रेश्मा कर्जतकडच्या शेतकरी घरातली, माझ्या हाताखाली अप्रेंटिस होती. तेव्हा मला उस्ताद म्हणायची, अजूनही म्हणते. आता बाजारात तिचं रिमोटच्या गाड्या दुरुस्त करायचं दुकान आहे. मी रिटायर होऊन घरातल्या मिक्सरचे नसलेले बिघाड शोधत होतो, तेव्हा तिनेच बोलावलं. “उस्ताद, या की दुकानात. हात चालता ऱ्हाईल.”

या गाड्या म्हणजे पोरखेळ नव्हे. हातभर लांबीची गाडी, पण खऱ्या गाडीत असतं ते जवळजवळ सगळं आत. नगरच्या हौशी मंडळींचा एक ग्रुप रविवारी मैदानावर त्यांच्या रेस लावतो. देशमुख सर त्यातले म्होरके, कॉलेजात शिकवतात. ग्रुपच्या बारा गाड्यांचं काम रेश्माला द्यायचं का, हे तेच ठरवणार होते. ‘बाईला जमेल का’ ही कुजबुज तिच्याही कानावर आली होती. म्हणून त्यांनी आधी स्वतःची एक गाडी दिली. पुढचं डिफरेन्शियल खोलून नव्याने बांधायचं. ते जमलं तर बाकीच्या येणार.

डिफरेन्शियल म्हणजे काय? मळणीला खुंटाभोवती बैल फिरतात, तेव्हा आतला बैल सावकाश पाय टाकतो आणि बाहेरचा पळतो. वळणावर चाकांचंही तसंच. आतलं हळू, बाहेरचं जोरात. दोघांना आपापल्या चालीने फिरू देणारी गिअरची डबी म्हणजे डिफरेन्शियल. ट्रकात ती उचलायला दोन माणसं लागतात. या गाडीत ती लिंबाएवढी.

“हे मला दे,” मी म्हणालो.

“घ्या. पन खोलायच्या आदी फोटो काढा, उस्ताद. ही डबी दोन्ही बाजूंनी बसती. उलटी बसली तर पुढची चाकं उलटी फिरत्यात.”

“ट्रकाखाली जन्म गेला माझा. मला फोटो काढायला शिकवतेस?”

ती हसली आणि कुरिअर आणायला गेली. मी काही फोटो काढला नाही. मी ज्या ट्रकांवर काम केलं, त्यांत हा भाग एकाच बाजूने बसायचा. उलटा घालायला गेलात तर जातच नसे. त्यामुळे बसलं म्हणजे बरोबर, ही हाताची सवय. झिजलेले गिअर बदलले, तेल भरलं, डबी बसवली. एक चाक हाताने फिरवलं, दुसरं उलट्या दिशेने फिरलं. म्हणजे डिफरेन्शियल ठीक. पण ते कोणत्या बाजूने बसलंय, हे या तपासणीत कळत नाही. ते बॅटरी जोडूनच कळतं.

रेश्मा परत आली. “चालवून बघितली ना?”

“बघितली,” मी म्हणालो.

हे साफ खोटं होतं. माझ्यासारख्याने लिंबाएवढी डबी काय तपासायची, एवढीच घमेंड.

मैदानावर मागची चाकं गाडी पुढे ढकलत होती, पुढची मागे ओढत होती. दोघांच्या भांडणात गिअरच्या दात्यांचा भुगा झाला.

“मॅडम, हे काम तुम्ही केलंत?” सरांनी विचारलं.

रेश्माने गुडघे टेकून गाडी तिथेच उघडली. डबीच्या चारही स्क्रूंवर पिवळ्या रंगाचा एकेक ठिपका होता. आमच्या वर्कशॉपची ती पद्धत. बोल्ट आवळला की फिटरने आपल्या रंगाचा ठिपका लावायचा. माझा पिवळा. अप्रेंटिसना पहिल्याच दिवशी मी सांगायचो, “ठिपका म्हणजे सही. एकदा लावला की पळायचं नाही.” सवयीने इथेही लावला होता.

तिने ठिपके पाहिले. मान वर केली नाही. थोडा वेळ तशीच बसून राहिली. मग डबीवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, “व्हय सर. माझ्याच हातनं झालं. उलटं बसलं.”

“तरी सगळे मला सांगत होते,” सर म्हणाले. आजूबाजूचे दोघं-तिघं हसले.

मी पायाखालची माती बघत राहिलो. इतकी लाज मला नोकरीत कधी वाटली नव्हती, आणि तरीही तोंड उघडलं नाही.

दुकानात येऊन तिने नवे गिअर घातले, फोटो काढला, बॅटरी जोडली. तासाभरात गाडी सुरळीत पळाली.

“का घेतलंस अंगावर?” मी विचारलं.

“मला वाटलं, तुमी बोलाल. म्हनून जरा येळ थांबले बी हुते.”

तीन दिवस जेवण गोड लागलं नाही. चौथ्या दिवशी सरांना फोन लावला. चूक माझी होती, खोटंही मीच बोललो, सगळं सांगितलं. शिव्या खायच्या तयारीने बसलो होतो. सर मोकळेपणाने हसले.

“अहो काका, होतं असं! एवढा अनुभव तुमचा, एखादे वेळी चुकतो माणूस. असं करा, आमच्या बाराही गाड्या आता तुम्हीच बघा.”

तिच्या नावावर होती तोवर ती चूक नालायकी होती. माझ्या नावावर आली आणि नुसती ‘होतं असं’ झाली. मला शिव्या परवडल्या असत्या.

“सर, तुमची गाडी आता पळतेय ती तिच्या हातची,” मी म्हणालो. “दुकान तिचं, मी तिच्या हाताखाली. द्यायच्या तर तिला द्या.”

“बघतो,” म्हणाले. बारातल्या दोन आल्या. दहा अजून यायच्या आहेत.

आता मी खोलण्याआधी फोटो काढतो. बॅटरी जोडून बघतो. रेश्माने पाहिल्याशिवाय ठिपका लावत नाही. ठिपका लावून पळायचं नाही, हे तिला मीच शिकवलं होतं. ती शिकली होती.