माझे अधिकार मीच काढले

शाळेत मला सगळे 'सिस्टिमवाले' म्हणतात. पदाने मी कारकून. बारा वर्षांपूर्वी प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढून काढला, तेव्हापासून शाळेचे कॉम्प्युटर माझ्या गळ्यात पडले. खरे सिस्टिमवाले काळ्या पडद्यावर भराभर काहीतरी टाइप करतात म्हणे. मला एकच विंडो येते. तिच्यात कॉम्प्युटर वापरणाऱ्यांची यादी असते आणि प्रत्येकापुढे एक चौकोन. चौकोनात खूण केली की माणूस अ‍ॅडमिन, काढली की साधा. एवढ्याशा भांडवलावर मी बारा वर्षं तोऱ्यात काढली.

निकालाच्या दिवशी सकाळी नवा प्रिंटर आला. बारा वाजता पालक येणार होते आणि तीनशे निकालपत्रकं छापायची होती. आमच्या मुख्याध्यापिका, मोठ्या बाई, दारातूनच बजावून गेल्या की या वेळी बाहेरून माणूस बोलवावा लागला, तर पुढच्या वर्षी सगळं काम बाहेर देईन आणि तुम्ही भांडारात खडू मोजत बसाल.

प्रिंटर जोडायला अ‍ॅडमिन लागतो. तो मी होतोच. मुकाट्याने जोडायचं सोडून मला नेमकी तेव्हाच शिस्त आठवली. विंडो उघडून बघतो तर अर्धा शिक्षकवृंद अ‍ॅडमिन. मी फटाफट खुणा काढल्या. फक्त 'ऑफिस एक' ठेवलं, कारण ऑफिसात पहिला मीच, याबद्दल मला तरी शंका नव्हती. बाहेर पडून पुन्हा लॉग इन केलं, तर विंडोतली सगळी बटणं करडी. दाबली तरी ढिम्म. कोपऱ्यात माझं नाव होतं, 'ऑफिस दोन'. ते रोज तिथेच असतं. पण मी रोज नुसता पासवर्ड ठोकतो, नाव कोण वाचतंय?

मग 'ऑफिस एक' कोण? मग आठवलं. शाळेची घंटा याच कॉम्प्युटरवरून वाजते आणि तिची वेळ बदलायलाही अ‍ॅडमिन लागतो. त्यासाठी सकाळी सातला यायचा मला कंटाळा. म्हणून शाळा उघडणाऱ्या शिपाई मावशींना मी पहिल्याच दिवशी सगळे अधिकार देऊन टाकले होते, स्वतःच्या आधी. त्यानंतर त्यांनी दोन-तीनदा विचारलं होतं की या विंडोत आणखी काय काय करता येतं. तुमचं काम घंटेपुरतं, असं मी त्यांना ऐकवलं होतं.

साडेदहा वाजले होते. मावशी जिना झाडत होत्या. मी जमेल तेवढ्या हळू आवाजात सगळं सांगितलं. त्या हात पुसून माझ्या खुर्चीत बसल्या. मी पासवर्ड विचारला.

"तो नाही सांगणार," त्या म्हणाल्या. "कुणालाच सांगायचा नाही, असं तुम्हीच म्हणाला होतात. तिकडे तोंड करा बघू."

चौथीनंतर पहिल्यांदाच मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. वळून पाहतो तर विंडो उघडलेली आणि माऊस थेट माझ्या नावापुढच्या चौकोनावर. कुठे दाबायचं, हे त्यांनी एका शब्दानेही विचारलं नव्हतं.

"करू ना खूण?"

मोठ्या बाईंशी बोलतो त्या आवाजात मी हो म्हणालो.

सव्वाअकराला पहिलं निकालपत्रक बाहेर आलं. आवाज ऐकून मोठ्या बाई आल्या. मावशी अजून खुर्चीतच होत्या. हे कुणी जमवलं, असं बाईंनी विचारलं. खरं सांगायला मी तोंड उघडलंही होतं, पण मला जरा वेळ लागला.

"सरांनी," मावशी म्हणाल्या. "मी आपली कीबोर्ड पुसत होते."

मला भयंकर लाज वाटली. तरी मी मान डोलावली. पुढच्या वर्षीही कॉम्प्युटर तुमच्याकडेच, असं सांगून बाईंनी शाबासकी दिली. ती मी घेतलीसुद्धा.

त्या गेल्यावर मी मावशींना म्हणालो, उद्यापासून तुम्हाला ही विंडो नीट शिकवतो.

"ती येते मला," त्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही कागद भरा. संपत आलाय."

मी कागद भरला.