कळसूबाईच्या साखळीसाठी हातमोजे

मी कळसूबाईवर पळत जायचं ठरवलं तेव्हा "का?" असं घरात कोणी विचारलं नाही. "हातात काय घालणार?" हा पहिला प्रश्न आला, आणि तो आईचा होता.

गोष्ट सत्तर सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. हल्ली तुम्ही मंडळी डोंगरात पळायला जाता तेव्हा फोनवर दहा प्रकारचे हातमोजे बघता, प्रत्येकाचं वजन ग्रॅममध्ये लिहिलेलं असतं. माझी भाचेसून परवा मला विचारत होती, "आत्या, हलके आणि वॉटरप्रूफ, दोन्ही कसं जमवायचं?" तिला जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते. कळसूबाईला पावसाळ्यात जाणार असाल तर वाचून जा.

नगरच्या एका व्यायाम मंडळाने बारी गावातून शिखरापर्यंत आणि परत अशी डोंगरधाव ठेवली होती. मंडळाचे चिटणीस देशमाने सर. शाळेत कवायत शिकवायचे, पण मंडळाच्या कचेरीचा जिना चढताना कठडा धरायचे. मुलींच्या गटात आम्ही तिघी होतो आणि याचा सरांना इतका अभिमान, की मुलग्यांच्या गटात किती जण आहेत ते त्यांना सांगता यायचं नाही.

अडचण वेगळीच होती. धाव रविवारी आणि मंगळवारी माझी मराठी टायपिंगची परीक्षा. अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, बोली झाली होती की पास झाले तर नोकरीसाठी अर्ज करायचे, नापास झाले तर मिरजगावच्या स्थळाला होकार द्यायचा. स्थळात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. हमरस्त्यावर दुकान, विहीर, दोन बैलजोड्या. मुलगा बघायला आला तेव्हा त्याने मला एकच प्रश्न विचारला, "पळता म्हणे. कशापासून?" त्या दिवसापासून मला नोकरी फार हवीशी वाटू लागली. नोकरी हवी म्हणजे टायपिंग हवं, टायपिंग हवं म्हणजे दहाही बोटं धड हवीत.

आणि कळसूबाईला कड्याच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी साखळ्या. पावसाळ्यात त्या गार, बुळबुळीत आणि गंजलेल्या. आईने हिशेब मांडला, "पाय मोडला तर मोडला, बसून टायपिंग होतं. हाताला काही झालं तर मला तोंड दाखवू नको."

मग सुरू झाला मोज्यांचा शोध. दत्तूमामा, आईचा धाकटा भाऊ, नागापूरच्या एमआयडीसीत कामाला होता. त्याने कारखान्यातले काळे रबरी मोजे आणले. कोपरापर्यंत येणारे. घातल्यावर मूठ वळेना आणि वळलेली मूठ उलगडेना. हलके आहेत की नाही हे बघायला मामा ते वाण्याकडे घेऊन गेला. वाण्याने तागडीत घालून वजन केलं आणि म्हणाला, "एवढ्या वजनात दोन वेळची तूरडाळ येती. तीच बांधून न्या, वर खाता तरी येईल."

जुना लष्करी माल विकणाऱ्याकडे चामड्याचे मोजे मिळाले. "रणगाड्यावर चालतात, डोंगरावर का नाही चालणार?" असं त्याचं म्हणणं. बादलीत भिजवून पाहिले. वाळायला दोन दिवस लागले, आणि वाळल्यावर ते एवढे आकसले की शेजारच्या बालवाडीतल्या पोरीलाही बसेनात. कडक एवढे झाले की फरशीवर आपले आपण उभे राहायचे.

त्या वर्षी नगरला पाऊस जवळजवळ नव्हताच. नळाला दिवसाआड पाणी. अशा गावात एक मुलगी बादलीत हात बुडवून वॉटरप्रूफपणाची तपासणी करते आहे हे बघायला शेजारच्या बायका हातातलं काम टाकून यायच्या. "आभाळात ढग न्हाई आन् हिला पावसाची भीती," असं एकीने म्हटल्यावर सगळ्या हसल्या, मीही हसले. तपासणीचं पाणी आई भांड्यांना वापरायची. चार दिवस आमच्या आमटीला रणगाड्याचा वास येत होता.

शेवटी कामी आला आमच्या गल्लीतला कंपाउंडर. त्याने दवाखान्यातले ऑपरेशनचे पातळ रबरी मोजे धुऊन, पावडर लावून दिले. हातात घातलेत हेही कळू नये इतके हलके. पाणी आत जायचं नाव नाही. फक्त साखळीवर ते टिकले नसते, म्हणून मामाने त्यावर घालायला कारखान्यातले सुती मोजे आणले. आत रबर, वर सूत. वजन नाही, पाणी नाही, पकड आहे. आजच्या महागड्या मोज्यांतही याहून वेगळं काही नसतं, हे मी भाचेसुनेला दाखवून दिलं. देशमाने सरांनी तर मंडळाच्या फळ्यावर 'मंडळाचा नवा शोध' असं लिहून खाली स्वतःची सही केली.

निघायच्या आदल्या दिवशी आईने कासार बोलावला. "देवीच्या पायाशी मोकळ्या हातानं जात्यात का?" म्हणत तिने दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या भरायला लावल्या. पळताना वाजू नयेत म्हणून घट्ट. आता प्रश्न आला की बांगड्या मोज्याच्या आत की बाहेर. यावर घरात बैठक बसली. मामा म्हणाला, बाहेर ठेवल्या तर साखळीत अडकून फुटतील. सर म्हणाले, आत घ्या, आत सुरक्षित. आई म्हणाली, आतच बऱ्या, देवीला दिसल्या नाहीत तरी कळतील. मलाही ते पटलं. रबरी मोज्याची बाही बांगड्यांवरून वर ओढून घ्यायची आणि वर सायकलच्या ट्यूबची कापलेली कडी चढवायची, असं ठरलं. आमच्या घरात एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

शनिवारी सकाळी माळीवाड्याच्या स्टँडवरून एसटी. सोबत सर, मामा आणि बाकीचे पळणारे. संगमनेरला गाडी बदलायची. तिथली भजी गरम मिळाली तर खा, गार असतील तर नुसत्या चहावर भागवा. अकोले गावापर्यंत रस्ता ठीक, पुढे रस्ता आहे एवढंच म्हणता येईल. राजूरला पेढे घ्यायचे, हे मात्र चुकवू नका. राजूर यायच्या आधीच डोंगर हिरवे झाले आणि पाऊस सुरू झाला. सरांच्या शेजारच्या खिडकीला काच नव्हती. त्यांनी तक्रार केली तर कंडक्टर तिकिटं मोजता मोजता म्हणाला, "मास्तर, पावसाचं तिकीट घेतलेलं न्हाई आमी. तुमाला फुकट हाय." आपल्याच जिल्ह्यात एका टोकाला हंडे रांगेत आणि दुसऱ्या टोकाला माणसं पावसाला कंटाळलेली, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला जरा रागच आला, कोणावर ते कळलं नाही.

बारीत आमची सोय हिराबाईंच्या घरी होती. नाचणीची भाकरी, हुलग्याचं पिठलं, चुलीपाशी उबेला जागा. मी मोजे वाळत घातले तेव्हा त्यांनी एक उचलून बघितला.

"ह्ये घालून देवीला हात जोडनार व्हय? देवीला काय रोग झालाय?"

"साखळीसाठी आहेत, मावशी."

"आसतील बया." मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बांगड्या मातुर लई झ्याक हायेत."

रविवारी सकाळी नारळ फुटला आणि सरांचं भाषण झालं. भाषण संपेपर्यंत सगळे भिजले होते, त्यामुळे पावसाची धास्ती तिथेच संपली. आधी भातखाचरांचे बांध, मग निसरडी पायवाट, मग कडा. पहिल्या साखळीवर मोज्यांनी काय काम केलं म्हणून सांगू. पुढचा मुलगा हात बगलेत घालून कुडकुडत उभा होता, मी त्याला ओलांडून वर गेले. शिखरावर धुकं आणि एवढंसं देऊळ. ज्यांना वरून दिसणाऱ्या देखाव्यासाठी जायचंय त्यांनी पावसाळा सोडून जावं. मी मोज्यांसकट हात जोडले आणि वळले.

उतरताना दुसऱ्या साखळीवर पाय सटकला. मी साखळी सोडली नाही, पण डावं मनगट खडकावर आपटलं आणि शेंग फुटल्यासारखा बारीक आवाज आला. बोटं हलवून पाहिली, हलत होती. सुती मोजा फाटला नव्हता. पुढे पळत सुटले. थोड्या वेळाने डावा हात छान गरम वाटायला लागला. उजवा गारठलेला आणि डावा ऊबदार. मला वाटलं, या हाताचा मोजा जास्त चांगला निघाला. कंपाउंडरला मनातल्या मनात आशीर्वाद देत मी तो गरम हात छातीशी धरून खालपर्यंत आले. मुलींत दुसरी आले.

खाली तालुक्याचे एक मोठे पाहुणे छत्रीखाली उभे होते. सरांनी मला थेट त्यांच्यापुढे नेलं. "साहेब, एवढ्या पावसात हातावर एक थेंब नाही. आमच्या मंडळाचा शोध." त्यांनी सुती मोजा काढला, ट्यूबची कडी उतरवली आणि रबरी मोजा जोरात ओढला. आत साठलेलं रक्त पाहुण्यांच्या पांढऱ्या बुटांवर पडलं, त्यासोबत हिरव्या काचा. बाहेरचा थेंब आत गेला नव्हता हे सर खरं बोलले होते. आतला बाहेरही आला नव्हता. पाहुण्यांनी टाळ्या वाजवायला हात उचललेच होते, त्यांनी त्या वाजवल्या. मामा चिखलात खाली बसला.

मनगटावरच्या काचा मोज्यात खाली सरकल्या होत्या. राजूरच्या दवाखान्यात तळव्याला आणि करंगळीला टाके पडले.

"काच कुठून लागली?" डॉक्टरांनी विचारलं.

"बांगडीची."

"मोजे नव्हते घातले?"

"घातले होते ना. म्हणून तर."

डॉक्टरांनी पुढचा टाका घातला.

सोमवारी परतीच्या एसटीत मी रडले. हात दुखत होता म्हणून नाही. मराठी टाइपरायटरवर डाव्या करंगळीवाचून शिफ्ट दाबता येत नाही, आणि शिफ्टवाचून निम्मी अक्षरं उमटत नाहीत. मला मिरजगावचं दुकान डोळ्यांपुढे दिसत होतं. मामा समजूत घालायला राजूरचे पेढे पुढे करत होता आणि मला तो पेढ्यांसकट खिडकीतून बाहेर टाकावासा वाटत होता.

घरी आईने पट्टी पाहिली, मग उजवा हात पाहिला. त्यात बांगड्या तशाच होत्या. ती आत जाऊन वरवंटा घेऊन आली. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, हे मला तिनेच लहानपणी दटावून शिकवलेलं. त्या दिवशी म्हणाली, "हात ठेव पाट्यावर. फोडते." आणि एकेक करून सगळ्या फोडल्या. मंगळवारी मी दोन्ही मनगटं मोकळी घेऊन परीक्षेला बसले आणि नऊ बोटांनी जमेल तेवढं टाइप केलं.

तर मंडळी, मोजे घ्या. हलके घ्या, वॉटरप्रूफ घ्या, बादलीत बुडवून बघा. पाणी आत येतं का ते सगळेच बघतात. आपण हातात काय घालून आत शिरतोय तेही बघा. करंगळी अजून थंडीत वाकत नाही. कळसूबाई मला अजूनही आवडते, आणि देशमाने सरांनी दिलेला दुसऱ्या क्रमांकाचा पेला आमच्याकडे बरीच वर्षं तांदूळ मोजायला होता.

निकाल लागला. नापास. वेग कमी पडला होता. संध्याकाळी जेवताना अण्णा शांतपणे म्हणाले, "मग उद्या मिरजगावला जाऊन येतो. होकार देऊन टाकू."

आई भाकरी वाढत होती. "जावा. पोरगी सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसणार हाय, तवर थांबायचं नसंल तर दुसरी बघा, म्हणून सांगा."

"आपलं ठरलं होतं. नापास झाली तर..."

"ती कुठं नापास झाली? बांगड्या मी भरल्या, आत घाला म्हणाले ती मी. नापास मी झाले." तिने भाकरी त्यांच्या ताटात टाकली. "ठरल्यापरमानं करायचं तर मला द्या मिरजगावला."

अण्णांनी आमटी मागितली. आईने वाढली. पुढच्या खेपेला मी पास झाले, पण त्या संध्याकाळी ते आम्हा तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हतं.