उंदरांना दुलई

आईला कॅनडात आणलं, पण कोक्विटलामच्या कॉन्डोत दिवसभर एकटी बसून ती वैतागली. "मी पण येते तुझ्या उंदरांकडे," म्हणाली. मला नाही म्हणता आलं नाही. मूर्खपणा, दुसरं काय!

माझं काम म्हणजे समुद्रापासून दूर, आतल्या कोरड्या डोंगरांत पिंजरे लावायचे, काय सापडतं ते नोंदवायचं, सोडून द्यायचं. वाळवंटच ते, नुसती झुडपं आणि धूळ. तिथल्या एका उतारावर घरांची स्कीम येणार होती. एखादा दुर्मिळ पक्षी, नाहीतर गालांना बाहेरून पिशव्या असलेला एक छोटा उंदीर तिथे सापडला, तरच ती थांबणार होती. जाळ्यातल्या पक्ष्यांनी माझी बोटं फोडली, पण निघाले सगळे नेहमीचेच. आता हा उंदीर तेवढा उरला होता, आणि पिंजरे लावायचं परमिट दुसऱ्या दिवशी सकाळी संपत होतं.

संध्याकाळी मी पिंजऱ्यांत, म्हणजे पत्र्याच्या डब्यांत, पीनट बटर, ओट्स आणि उबेला चिमूटभर कापूस घालत पुढे चालले होते. आई मागून येत होती. मला वाटलं, पाय मोकळे करतेय.

सकाळी चेक करायला गेले, तर एकूण एक डबा उघडा! खाऊ चाटूनपुसून साफ, आत लेंड्या, आणि उंदीर औषधालाही नाही. हात घातला तर मूठभर कापूस निघाला. वातींचा, नागपूरहून आणलेला! उंदराच्या वजनानं तळाची पट्टी दबली की दार पडतं. पट्टीखाली कापूस ठासल्यावर ती दबणार कशी, कप्पाळ?

"आई, काय केलंस हे!"

"काहून ओरडून राहिली? केवढी थंडी होती! पोटभर खाऊन तर गेले ना बिचारे?"

"खाऊन गेले, हेच तर!"

इतका संताप आला की डबे दाणदाण आपटत गाडीत भरले.

मोटेलवर रिपोर्ट लिहायला बसले. नुसत्या लेंड्यांवर भागत नाही, प्राणी हातात असावा लागतो.

"काय लिहिलंस?" आईनं हळूच विचारलं.

"तो उंदीर इथे नाही. आता घरं होतील."

तिचा चेहरा पडला. पलंगाच्या कडेला बसून ती उरलेल्या कापसाच्या वाती वळू लागली.

"अन् जेवून गेले, त्यांच्यात तो असला तर?"

"असला तरी नाही, आई," मी म्हटलं, आणि रिपोर्ट पाठवून दिला.