हेल्मी राउतिओ आणि सहा जोड स्केट

टॅमरॅक बे बीव्हर्स या आमच्या आइस हॉकी संघाच्या बचावफळीत काय बिघडलंय, हे त्या हिवाळ्यात आमच्या गावात ज्याला त्याला कळलं होतं. न्हाव्याला कळलं होतं, पोस्टातल्या बाईंना कळलं होतं, लुथरन चर्चचे पाद्री तर प्रार्थना आटोपून बाहेर पडताना लोकांच्या खांद्यावर हात ठेवून ते समजावून सांगायचे. कळलं नव्हतं ते फक्त वेंडेल मॅकाराला, आणि तो संघाचा प्रशिक्षक होता.

मी तेव्हा गावच्या रेडिओवर बीव्हर्सच्या सामन्यांचं धावतं वर्णन करायचो. शनिवारी सकाळी माझा तासाभराचा कार्यक्रम असायचा. लोक फोन करायचे आणि कोणाची जोडी कोणाबरोबर लावावी ते मला बजावायचे. एका बाईंनी आपल्या जावयाला खेळवा म्हणून सांगितलं. जावई दातांचा डॉक्टर होता. "निदान सामना संपल्यावर तरी उपयोगी पडेल," असं त्यांचं म्हणणं.

हसण्यासारखंच सगळं होतं, पण चार सामन्यांत आम्ही एकवीस गोल खाल्ले होते. बर्फावर एका वेळी दोन बचावपटू असतात. आमच्याकडे सहा होते, म्हणजे तीन जोड्या. मॅकारा दर सामन्याला त्या मोडायचा आणि नव्या जुळवायचा. एक जोडी मात्र तो कधी मोडायचा नाही. डेल फ्रीझन आणि स्टू पर्डी. दोघंही ताडमाड, दोघंही दणकट, आणि सगळ्यात जास्त गोल व्हायचे ते हे दोघं बर्फावर असतानाच. गोलरक्षकही दोन होते. आर्मां गोव्ह्रो छत्तीस वर्षांचा, अकरा वर्षं आमच्याकडे, गावाचा लाडका. दुसरा टोबी विन्स्लो, बावीसचा, नवा. त्याचं नाव अजून निम्म्या गावाला नीट घेताही येत नव्हतं.

रिंकच्या, म्हणजे बर्फाच्या मैदानाच्या, मागच्या बोळात, गरम पाण्याच्या टाकीशेजारी एक खोली होती. तिथे हेल्मी राउतिओ बसायची. खेळाडूंच्या स्केटना धार लावायचं काम तिचं. वय एकसष्ट, ठेंगणी, हातावर ठिणग्यांचे बारीक डाग. तिचे वडील लाकूडतोड्यांच्या छावणीत करवतींना धार लावायचे. आई लवकर गेली, म्हणून ही पोर त्यांच्याबरोबर छावणीतच वाढली आणि पोलाद तिथेच शिकली. पुढे नवरा रिंकवर धार लावायला लागला. त्याचे हात थरथरायला लागले तसं ते काम हिने आपल्याकडे घेतलं. नवरा गेला, काम राहिलं. खेळाडू तिला मुम्मो म्हणायचे. आमच्याकडचे फिनिश लोक आजीला मुम्मो म्हणतात. आर्मां फ्रेंच, पर्डी इंग्रज, पण मुम्मो सगळ्यांचीच.

मी रोज दुपारी तिच्याकडे जायचो. खरं कारण सांगायचं तर गावात सगळ्यात उबदार खोली तीच होती, आणि तिच्याकडे वेलदोडा घातलेला गोड पाव असायचा. त्या शुक्रवारी मी पाव तोंडात कोंबून म्हणालो, "मुम्मो, तू पण सांग एकदा. फ्रीझनबरोबर कोणाला लावावं? उद्याच्या कार्यक्रमात तुझ्या नावाने सांगतो."

"माझं नाव रेडिओवर घेतलंस तर परत पाव मिळायचा नाही."

"बरं, नाव नाही घेत. पण सांग तरी."

तिने फ्रीझनचा डावा स्केट उचलून माझ्या हातात उलटा दिला. "अंगठा फिरव. हळू. कापशील."

स्केटच्या पात्याला तळाशी लांबलचक बारीक खोबण असते, त्यामुळे एका पात्याला दोन कडा. एक आतली, एक बाहेरची. आतल्या कडेवर माझा अंगठा गुळगुळीत घसरला. तिने उजवा स्केट दिला. त्याची आतली कड अजून चावत होती.

"कालच दोन्हींना सारखी धार लावली होती," हेल्मी म्हणाली. "एका सरावात डावा संपला, उजवा तसाच. का?"

"का?"

"उलटा सरकत असतो ना तो? मग समोरचा निसटला की वळायला लागतं. हा दर वेळी डाव्या पायाने रेटतो आणि उजवीकडे वळतो. दर वेळी. डावीकडे वळताच येत नाही त्याला, पण एवढा मोठा गडी, कोण विचारणार?" मग तिने पर्डीचा डावा स्केट पुढे केला. तोही गुळगुळीत. "दोघंही उजवीकडेच वळतात. डावीकडून कोणी सुटला, की दोघंही त्याला पाठ दाखवतात."

मला एकदम गेल्या चार सामन्यांतले गोल आठवले. दोन रुंद पाठी आणि त्यांच्या मधून निघालेला कोणीतरी. मी रेडिओवर म्हणायचो, "नशीब!"

"आणि आर्मां?" मी विचारलं.

तिने धार लावायचं यंत्र बंद केलं. आर्मांचे स्केट कोपऱ्यात होते. तिने ते हातात घेतले, पण मला दिले नाहीत. "उजव्या पायाने रेटतच नाही तो आता. खुब्यात दुखत असणार. म्हणून डाव्या अंगाला सरकायला उशीर होतो. लोक म्हणतात हात मंदावला. हात बरा आहे." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "हे तुझ्यापाशीच राहू दे, रॉली. पातं ज्याचं त्याचं असतं. त्याने सांगावं, मी नाही."

"माझ्या पोटात राहील."

खरंच राहणार होतं. पण दुसऱ्या दिवशी कार्यक्रमात एका माणसाचा फोन आला आणि तो आर्मांवर घसरला. म्हातारा झाला, हात लाकडाचा झाला, त्याला आता मासे पकडायला पाठवा. अकरा वर्षं ज्याने आमच्यासाठी दात पाडून घेतले त्याच्याबद्दल हे! माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "हात नाही हो! त्याचा उजवा पाय दुखतोय!"

फोनवरचा माणूस "अं?" म्हणाला. मी घाईघाईने पुढचं गाणं लावलं.

सोमवारी मी खोलीत गेलो तेव्हा टेबलावर कॉफीचा एकच कप होता. तिचा.

"आर्मां आला नाही," हेल्मी म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा. स्केट घेऊन नाक्यावरच्या अवजारांच्या दुकानात धार लावायला गेला."

"मुम्मो, मी त्याची बाजू घेत होतो."

"कळलं मला. चांगल्या मनाने केलंस, आणि वाट लावलीस." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "बस. उभा राहून ऊब खाऊ नकोस."

मी बसलोच होतो तेवढ्यात मॅकारा दारात आला. त्यानेही कार्यक्रम ऐकला होता. टोपी हातात, चेहरा ओढलेला. दोन वर्षांपूर्वी तो मॅनिटोबा प्रांतातून आमच्याकडे आला होता आणि आजवर या खोलीत कधी फिरकला नव्हता.

"मिसेस राउतिओ, ती पायाची गोष्ट तुम्हीच सांगितलीत ना? रॉलीला स्वतःहून काही कळत नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे."

मी बाकावर थोडा सरकून मॅकाराला जागा करून दिली.

"बाकीच्यांची पाती काय म्हणतात?" मॅकाराने विचारलं. "माझी नोकरी जायची वेळ आलीय. मी सामन्यांच्या फिती बघतो, आकडे मांडतो, डोळे जातात, पण काही सापडत नाही."

"पाती खेळाडूंची आहेत," हेल्मी म्हणाली. "कोणाबद्दल मी बोलणार नाही. एकदा बोलले, त्याचं काय झालं बघताय."

मॅकाराने मान हलवली, टोपी घातली. तो वळला तेव्हा ती म्हणाली, "उद्या सकाळी नऊला सराव ना? साडेआठला इकडून जा."

दुसऱ्या दिवशी मी आठलाच हजर होतो. धार लावलेले स्केट ती भिंतीशी एका लाकडी मांडणीवर ठेवायची, खेळाडूंच्या नंबरांप्रमाणे ओळीने. त्या दिवशी बचावपटूंच्या सहा जोड स्केटना तिने अजून धार लावली नव्हती, आणि त्यांची ओळही नंबरांप्रमाणे नव्हती. दोन-दोन जोड शेजारी, मग हातभर मोकळी जागा, मग पुन्हा दोन. फ्रीझनच्या शेजारी सोरोकाचे स्केट होते. इव्हान सोरोका म्हणजे आमचा सगळ्यात बुटका बचावपटू, जो आठवड्यातले पाच दिवस बाकावर बसून हातावर फुंकर घालायचा. पर्डीचे स्केट दुसऱ्या टोकाला, एका अशा पोऱ्याबरोबर की ज्याच्याबद्दल रेडिओवर कधी फोनच आला नव्हता.

मॅकारा आला. मांडणीसमोर उभा राहिला. हेल्मी त्याच्याकडे पाठ करून जमिनीवरचा पोलादाचा चुरा झाडत होती. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने सोरोकाचा उजवा स्केट उचलला, आतल्या कडेवर अंगठा फिरवला. गुळगुळीत. फ्रीझनचा डावा उचलला, अंगठा फिरवला. तोही गुळगुळीत. त्याच्या भुवया हळूहळू वर गेल्या.

"च्यायला," तो म्हणाला. मग, "माफ करा, मिसेस राउतिओ."

"कशाबद्दल? मी तर झाडतेय."

त्याने खिशातून पेन काढलं, कागद सापडेना, म्हणून तीन जोड्या तळहातावर लिहून घेतल्या आणि गेला.

आता आर्मां. त्याच दिवशीच्या सरावात तो नाक्यावर धार लावून आणलेले स्केट घालून गोलमध्ये उभा राहिला. गोलरक्षकाच्या पात्याची खोबण उथळ ठेवावी लागते, म्हणजे त्याला आडवं घसरता येतं. दुकानदाराला ते कुठून माहीत असणार? त्याने साध्या खेळाडूची करतात तशी खोल खोबण करून दिली होती. पहिलीच चकती आली (आमच्या हॉकीत चेंडूऐवजी रबरी चकती असते), आर्मां आडवा घसरायला गेला, पाती बर्फात रुतली आणि तो तसाच ताठच्या ताठ मागे, जाळ्यात पडला. जाळी अंगाभोवती गुंडाळली गेली. टोबी धावत सोडवायला गेला, तोही पडला. सोरोका हसून हसून गुडघ्यावर बसला.

मी हेल्मीच्या खोलीत परतलो, आणि थोड्याच वेळात बोळात धप्-धप् आवाज आला. पायाला मोठमोठे पॅड, अंगावर सगळा सरंजाम, मोजे घातलेल्या पायांनी आर्मां दारात, हातात स्केट.

"मुम्मो, हे दुरुस्त कर."

"कोणी लावलीय ही धार?"

"विचारू नकोस."

"कुऱ्हाडीला लावतात अशी." ती पातं डोळ्यासमोर धरून बघत होती. "लाकूड फोडायला जाणार आहेस का?"

आर्मांने ओठ दाबून धरले होते, पण पोट हलत होतं. मग तो मोठ्याने हसलाच. हसता हसता बाकावर बसला आणि बसताना नकळत उजव्या खुब्याला हात गेला. आम्ही दोघांनीही ते पाहिलं. मी उठून जायला लागलो.

"बस, रॉली," तो म्हणाला. "गावभर केलंसच आहेस, आता उरलेलं पण ऐक." मग तिच्याकडे वळला. "पायऱ्या चढताना कठडा धरावा लागतो. मोजा घालताना बायको मदत करते. पण हा शेवटचा हंगाम आहे, मुम्मो. बाकावर बसून संपवू?"

"मी कुठे म्हणाले बाकावर बस?" हेल्मीने यंत्र चालू केलं, तिचा आवाज त्यात अर्धा बुडाला. "तीन सामन्यांत एक खेळ. चांगला खेळ. बाकी दोन त्या टोबीला दे. त्याची पाती दोन्ही बाजूंनी सारखी झिजतात, मेहनती आहे. फक्त गोल सोडून फार लवकर पुढे येतो. ते पुढे कधी यायचं, हे त्याला तुझ्याशिवाय कोण शिकवणार? मॅकारा?"

धार लावून झाली तसे आर्मांने स्केट घातले आणि उभा राहिला. "मीच सांगतो त्याला," म्हणाला. दारातून परत वळून माझ्याकडे बोट केलं. "आणि तू. शनिवारी मला कार्यक्रमात बोलव. पायाची गोष्ट मी सांगणार. तुझ्यापेक्षा बरी सांगेन."

त्याने खरंच बरी सांगितली. जाळीत अडकल्याची गोष्ट तर अशी सांगितली की मला रडू आलं हसून. ज्याने मासे पकडायला पाठवा म्हटलं होतं, त्याचा पुन्हा फोन आला. वसंतात आपल्या होडीत बसायला येशील का, असं विचारत होता.

नव्या जोड्यांचा पहिला सामना आम्ही दोनास एक असा जिंकला. दुसऱ्या सत्रात एक चपळ गडी डावीकडून निसटला, फ्रीझनने सवयीप्रमाणे त्याला पाठ दाखवली, आणि मी माइकसमोर डोळे मिटणार तोच बुटका सोरोका डावीकडे गर्रकन वळून त्याच्या काठीखालून चकती घेऊन गेला सुद्धा. लोक उभे राहिले. माझ्या समोरच्या रांगेत पोस्टातल्या बाई शेजाऱ्याला सांगत होत्या, "मी केव्हापासून म्हणत होते, सोरोकाला लावा!"

उरलेल्या हंगामात आम्ही सामन्यामागे जेमतेम दोन गोल दिले. फायनल काही गाठली नाही. उपांत्य फेरी सात सामन्यांची, तिच्या सातव्या सामन्यात जादा वेळेत हरलो. तो सामना आर्मांनेच खेळला. शेवटचा गोल त्याच्या डाव्या अंगाने गेला, आणि त्या गोलबद्दल माझ्या कार्यक्रमात एकाही माणसाने फोन केला नाही.

उन्हाळ्यात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पानगळीत तो काठी टेकत हेल्मीच्या खोलीत आला आणि मला धार लावायला शिकव म्हणाला. तिने त्याला तीन आठवडे फक्त जुन्या पात्यांवर अंगठा फिरवायला बसवलं. यंत्राला हात नाही. तो कुरकुरायचा, शिव्या घालायचा, पट्ट्या गुंडाळलेला अंगठा मला दाखवायचा. चौथ्या आठवड्यात तिने एक स्केट त्याच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "कोणाचा?"

आर्मांने डोळे मिटले, अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "टोबीचा," म्हणाला. "आणि गाढव अजूनही लवकर पुढे येतोय."

हेल्मीने उठून त्याच्यासाठी स्टूल यंत्रापाशी सरकवलं.