भीमराज अंभोरेची खाडीसहल

भीमराज अंभोरेला कुणी गाव विचारलं की तो म्हणायचा, "लोणार. खाऱ्या पाण्याच्या काठावरच वाढलो." यात खोटं काही नव्हतं. लोणारचं सरोवर खारंच आहे. फक्त त्यात मासा नाही, हे तो आपणहून सांगायचा नाही आणि विक्रोळीत कुणाला विचारायचं सुचायचं नाही.

ज्या कारखान्यात तो वेल्डर होता तिथंच मी स्टोअरमध्ये कारकून होतो. आमच्या चाळीही एकमेकींना पाठ लावून उभ्या. अठ्ठ्याहत्तर साली तो मुंबईत आला तेव्हा त्याने समुद्र पाहिलेला नव्हता. पहिल्याच रविवारी हायवे ओलांडून, तिवरांतून वाट काढत तो खाडीच्या बांधावर पोचला. तिथे धाकू भोईर नावाचा होडीवाला नायलॉनच्या तंगुसाची दोरी बोटावर धरून बसला होता. दोरीला गरी, गरीला कोळंबी. भीमराज त्याच्या शेजारी जाऊन बसला. दोन तास दोघं दोरीकडे बघत बसले. मग दोरी थरथरली, धाकूने हिसका दिला आणि हातभर लांबीचा शिंगाळा बाहेर आला.

"नंदू," दुसऱ्या दिवशी भीमराज मला म्हणाला, "आमच्या गावी एवढं मोठं पाणी, पण त्यातून कधी काही निघालं नाही. इथं दोरी सोडली की निघतं. बाप्पा, मला तं वेडच लागलं!"

चार वर्षांत तो गरीच्या मासेमारीत असा तयार झाला की धाकूसुद्धा त्याच्याकडून गाठ मारून घ्यायचा. पण त्याचं खरं वेड मासे पकडण्याचं नव्हतं, शिकवण्याचं होतं. बांधावर कुणी उगाच घुटमळलं तरी हा त्याच्या हातात दोरी द्यायचा. शेवटी त्याने धाकूशी बोलून रविवारची होडी ठरवली आणि पत्र्याच्या तुकड्यावर स्वतःच्या हाताने पाटी रंगवली. ती नाक्यावरच्या पानवाल्याकडे लटकायची:

'खाडीत गरीने मासे पकडण्याची सहल. दर रविवारी, भरती बघून. नवशिके, मध्यम व पोचलेले, सर्वांची सोय.'

'पोचलेले' या शब्दाने घोळ केला. पहिल्याच आठवड्यात एक वयस्कर गृहस्थ चौकशीला आले, कोण महाराज येणार आहेत म्हणून. भीमराजने त्यांनाही नवशिक्यांत घातलं. ते पुढे वर्षभर येत राहिले.

होडीत बसण्याआधी शनिवारी संध्याकाळी चाळीच्या अंगणात तयारी व्हायची. मधे पाण्याची बादली ठेवायची आणि पंधरा पावलांवरून दोरीच्या टोकाला बांधलेलं शिसं तिच्यात टाकायचं. एकदा पोस्टातल्या एका माणसाने असा हात फिरवला की समोरच्या गॅलरीतला सुगंधाबाईंचा परकर दोरीसकट खाली आला. सुगंधाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या. भीमराजने परकर सोडवून, घडी करून त्यांच्या हातात दिला आणि त्या माणसाला गंभीरपणे म्हणाला, "ताकद चांगली आहे. दिशा सुधारा."

नियम एकच होता. ज्याची दोरी, त्याचा मासा. दुसऱ्याने हात लावायचा नाही, मग मासा सुटला तरी चालेल. या नियमानेच पुढे सगळ्यांची वाट लावली.

शहाऐंशीच्या जानेवारीत आमच्या कारखान्यातले खरेदी विभागाचे साहेब, चंद्रप्रकाश, यांनी नाव दिलं. त्यांच्या मेहुण्याने मस्कतहून चकचकीत छडी आणली होती, तिला रीळ, रिळाला मूठ. डोक्यावर टोपी, टोपीला पीस. "आपण पोचलेल्यांमध्ये," असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. रविवारी सकाळी ते आले ते सासूबाईंना घेऊन. जयंतीबाई अडुसष्ट वर्षांच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, नऊवारीत, पायात कापडी बूट.

"घरी कुणी नाही, म्हणून आले," त्यांनी जाहीर केलं. "मी मासे खात नाही, पकडणारही नाही. मी नुसती बसणार."

"नुसतं बसायचंच काम असतं, बाई," भीमराज म्हणाला आणि त्याने त्यांच्या बोटावर दोरी ठेवली.

होडीत पाच जण. साहेब, जयंतीबाई, भीमराज, मी आणि वल्ह्यावर धाकू. आठ-साडेआठला भरती पूर्ण होऊन गेली होती. तिवरांमध्ये शिरणाऱ्या एका अरुंद फाट्यात धाकूने नांगर टाकला. बांध जेमतेम दीडशे फुटांवर.

साहेबांनी छडी उचलली. पहिल्या फेकीला गरी तिवराच्या फांदीत अडकली. दुसरी नांगराच्या दोरात. तिसऱ्या फेकीला धाकूचं मुंडासं उडालं आणि पाण्यावर तरंगत निघालं. धाकूने वल्ह्याने ते ओढून पिळलं, डोक्याला बांधलं आणि तो होडीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. चौथ्या फेकीला साहेबांची स्वतःची टोपी गेली.

"वारा आहे," साहेब म्हणाले.

"आहे ना," भीमराज म्हणाला. एक पानही हलत नव्हतं.

इकडे जयंतीबाई नुसत्या बसून एकामागून एक मासे काढत होत्या. पहिला शिंगाळा निघाला तेव्हा त्या दचकून "अगंबाई" म्हणाल्या. दुसऱ्याला "पुन्हा?" म्हणाल्या. तिसऱ्यानंतर त्यांनी पदर खोचला. प्रत्येक मासा त्या भीमराजकडून सोडवून घ्यायच्या आणि "जा, घरी जा" म्हणून परत पाण्यात सोडायच्या. साहेब प्रत्येक वेळी डोळे मिटायचे.

साडेदहाला ओहोटीची ओढ बघून धाकू म्हणाला, "पानी सुटला. चला."

भीमराज "हो, निघू" म्हणाला आणि तेवढ्यात जयंतीबाईंची दोरी सर्रकन् होडीखाली गेली. त्या पुढे ओढल्या गेल्या. मी त्यांचा दंड धरला.

"दोरीला हात नाही!" भीमराज ओरडला. "बाईला धरा, दोरीला नको!"

"अहो, मी काय करू?" जयंतीबाई.

"तो ओढतो तेव्हा सोडा. तो थकला की ओढा. वर्गात कसं करत होतात?"

"वर्गात मी कधी सोडत नव्हते!"

पाऊण तास चाललं. धाकूने आणखी दोनदा "पानी सुटला" म्हटलं, दुसऱ्यांदा जरा जोरात. भीमराजला ऐकू गेलंच नाही. तो होडीच्या काठावर गुडघे टेकून "शाब्बास! आता सोडा! आता घ्या!" करत होता. शेवटी पाण्यावर चांदीसारखी कूस चमकली आणि पाच किलोचा जिताडा होडीत आला. जयंतीबाई मटकन् खाली बसल्या. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. जिताडा त्यांचा जीव की प्राण.

"आई, घरी नेऊ या," ते म्हणाले.

"सोडा त्याला," जयंतीबाई म्हणाल्या.

"आई, जिताडा आहे! पाच किलो!"

"ज्याची दोरी, त्याचा मासा ना हो, भीमराज?"

"तसंच आहे," भीमराज म्हणाला. मासा सोडायला तो वाकला आणि वाकलेलाच राहिला. खाली पाणी नव्हतं. होडीच्या चारी बाजूंना चिखल होता आणि त्यात निवट्या, चिखलातले बोटभर मासे, उड्या मारत होत्या.

धाकूने वल्हं आत घेतलं. त्याने विडी पेटवली.

बांधापर्यंत चालत जावं म्हणून त्याने एक पाय खाली टाकून बघितला, तो मांडीपर्यंत गेला. पाय वर आला, चप्पल आली नाही. आता संध्याकाळी पाणी चढेपर्यंत बसायचं, दुसरा इलाज नव्हता.

पहिला प्रश्न माशाचा. जयंतीबाईंनी बाजूच्या खड्ड्यात उरलेलं पाणी डब्याने भरून होडीच्या तळात ओतायला लावलं. एरवी धाकू होडीतलं पाणी बाहेर काढायचा. त्या दिवशी तो बाहेरचं आत घालत होता. जिताडा त्यात आडवा पडून कल्ले हलवत होता आणि जयंतीबाई ओल्या फडक्याने त्याच्या अंगावर पाणी पिळत होत्या. साहेब मात्र त्याच्याकडे पाठ करून बसले. बघवत नव्हतं.

बारा वाजता बांधावर भीमराजची बायको, कमल, येऊन उभी राहिली. कमरेवर हात.

"अहो! काऊन बसून राह्यले तिथं?"

"पाणी गेलं!"

"कुठं गेलं?"

"समुद्रात गेलं!"

"अन् तुम्ही काऊन नाही आले?"

भीमराजने नांगराचा दोर गुंडाळायला घेतला. तासाभरात बांधावर दोन्ही चाळी गोळा झाल्या. सुगंधाबाई चटई घेऊन आल्या. एक कुल्फीवालाही आला आणि आमच्या डोळ्यांदेखत त्याची सगळी कुल्फी संपली. जिताडा सापडल्याची बातमी पसरल्यावर तर लोक ओरडून सल्ले द्यायला लागले. "कालवण करा! कोकम घाला!" "नाय रे, तळायचो! कालवणात वाया जातलो!" जयंतीबाई होडीत उभ्या राहिल्या आणि त्यांनी शाळेतल्या आवाजात "गप्प बसा!" म्हटलं. अख्खा बांध गप्प झाला.

दोन वाजता भुकेने पोटात कावळे ओरडायला लागले. बांधावर कमलने भाकऱ्या, ठेचा आणि उकडलेली अंडी आणली होती, पण दीडशे फूट चिखल मधे. भीमराजने आधी चिखल बघितला, नंतर छडी. मग साहेबांकडे वळला.

"साहेब, तुमची छडी तिथवर जाईल."

"माझी?" साहेब म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा नूर पार उतरला होता.

"हाताच्या दोरीचं काम नाही. गरी काढतो, नुसतं शिसं ठेवतो. मनगट सैल सोडा. अन् धाकूकडे बघू नका."

पहिली फेक चिखलात पडली. दुसरी तिवरात, तिसरीही तिवरात. बांधावर लोक "अरेरे" करायला लागले. धाकूने मुंडासं काढून मांडीखाली ठेवलं. सहाव्या फेकीला साहेबांनी डोळे मिटले, छडी फिरवली आणि रीळ गुणगुणत सुटलं. शिसं उंच गेलं आणि खाजणाचा सगळा चिखल ओलांडून थेट सुगंधाबाईंच्या चटईवर पडलं. त्या किंचाळल्या. बांधावर अशी आरोळी उठली, जणू कुणी षटकार मारलाय.

कमलने पुडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिशाच्या दोरीला घट्ट बांधलं. साहेब रीळ फिरवायला लागले. पिशवी चिखलावरून घसरत, उड्या मारत, निवट्यांना पांगवत आमच्याकडे यायला लागली. मधे एक कुत्रं तिच्या मागे उतरलं, पोटापर्यंत रुतलं आणि शहाणपणाने परत फिरलं. "ओढा साहेब! आता सोडा! आता घ्या!" भीमराज ओरडत होता. साहेबांनी पिशवी होडीत घेतली तेव्हा त्यांच्या तोंडावर जे हसू होतं, ते मी कारखान्यात कधीच पाहिलं नव्हतं.

"किती किलोची?" जयंतीबाईंनी विचारलं.

"दोन तरी असेल, आई," साहेब म्हणाले आणि त्यांनी पहिली भाकरी सासूबाईंना दिली.

साडेपाचच्या सुमाराला पाणी आलं. आधी होडी जराशी डुचमळली, मग उचलली गेली. जयंतीबाईंनी जिताडा दोन्ही हातांनी काठावरून खाली सोडला. तो क्षणभर तिथंच थांबला, मग शेपटीचा एक फटका मारून नाहीसा झाला. बांधावरून मोठा सुस्कारा ऐकू आला. कोकमवाले, तळणीवाले, सगळे एका सुरात.

भीमराजला वाटलं, सहल आता बंद पडणार. साहेब कारखान्यात बोलतील, लोक हसतील. लोक हसलेच. पण पुढच्या रविवारी अकरा माणसं उभी होती आणि त्यातल्या चौघांनी विचारलं, "चिखलात कितीला अडकायचं?" साहेब तर दर शनिवारी अंगणात यायला लागले, बादलीत शिसं टाकायला शिकवायला. स्वतःला मात्र ते आता मध्यम म्हणवून घ्यायचे.

मात्र कमलने त्याच आठवड्यात धाकूला घरी बोलावलं, चहा दिला आणि भरतीचा हिशोब समजून घेतला. पुनवेला, अवसेला भरती दुपारी बाराच्या आसपास आणि पुढे रोज पाऊण तास उशिरा. धाकूने तिला बोटांवर मोजून दाखवलं. भीमराज सात वर्षांत जे शिकला नव्हता ते तिने एका कपात शिकून घेतलं. रविवारी ती स्टीलचं ताट आणि पळी घेऊन होडीत चढली.

"तू कुठं चालली?" भीमराज.

"मासे तुम्ही बघा. पाणी मी बघते."

ताट वाजलं की निघायचं. मासा लागलेला असो, अर्धा वर आलेला असो, साहेब असोत की जयंतीबाई. तीन वर्षं तिने ताट वाजवलं आणि होडी परत अडकली नाही. लोक तिला भीमराजपेक्षा जास्त घाबरायचे.

एकदाच अडचण आली. सत्त्याऐंशीच्या डिसेंबरात गिऱ्हाईकं कमी होती म्हणून भीमराजने बऱ्याच दिवसांनी स्वतःची दोरी टाकली. शेवटच्या पाच मिनिटांत काहीतरी भलंमोठं लागलं. दोरीने त्याच्या बोटाची साल काढली. मासा काय आहे ते दिसण्याआधीच ताट वाजलं.

"कमल, एक मिनिट."

ताट पुन्हा वाजलं.

"अगं, माझी दोरी आहे!"

"माहीत आहे," कमल म्हणाली. तिने कोळंबी चिरायची सुरी उचलली आणि दोरी कापली.

धाकू कधी हसल्याचं आम्ही पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तो इतका हसला की वल्हं हातातून सुटलं आणि ते धरायला मला पाण्यात हात घालावा लागला. भीमराज घरापर्यंत सगळ्यांच्या पुढे दहा पावलं चालत गेला. संध्याकाळी चहासुद्धा बाहेर ओट्यावर बसून प्यायला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या खिडकीशी आला. बोटाला चिंधी बांधलेली होती.

"केवढा होता रे?" मी विचारलं.

"कोण जाणे," तो म्हणाला. मग आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून, "पण नंदू, बायकोचं टायमिंग बघितलंस? एकदम झकास!"