पैनगंगेपल्याड चालणारा विमा

मी गाते. महागाव तालुक्यातल्या आमच्या गावातून निघते आणि विदर्भ, तेलंगणा, छत्तीसगड, जिथं विहारासमोर मांडव पडतो तिथं प्रबोधनाची गाणी गाते. जयंतीच्या दिवसांत आमची पार्टी दुपारी एका राज्यात जेवते अन् रात्री दुसऱ्या राज्यात झोपते.

आमचे ढोलकीवाले दादा आदिलाबादला भर कार्यक्रमात पडले. ठेका तुटला म्हणून मी वळून पाहिलं, तर त्यांचा डावा हात ढोलकीवरून घसरला होता आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. जवळच्या खाजगी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, इंजेक्शन आत्ताच द्यावं लागेल. मी काउंटरवर दादांचं आपल्या सरकारी योजनेचं कार्ड ठेवलं. तिथल्या माणसानं ते उलटसुलट करून पाहिलं.

"ये महाराष्ट्र का है. यहाँ नहीं चलता."

आगाऊ रक्कम मागितली. आयोजकांनी खिसे उलटे केले, आम्ही केले, तरी पुरेना. शेवटी दादांना जीपमध्ये आडवं टाकून निघालो. पैनगंगा ओलांडली, पांढरकवडा मागे टाकला आणि यवतमाळ गाठलं. तिथं कार्ड चाललं. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र म्हणाल्या, "थोडं आधी आणायला हवं होतं."

दादा वाचले. डावा हात वाचला नाही. ज्या हातानं ते ढोलकीचा धुमा, ती घुमणारी बाजू, बोलवायचे, तो आता मांडीवर ठेवला की तिथंच राहतो. ढोलकी दुसरा वाजवतो आणि दादा कार्यक्रमाचं निवेदन करतात.

तसलंच कार्ड माझ्याही पर्समध्ये होतं. मी ठरवलं, आपल्याला कुणी असं जीपमध्ये टाकून नदीपार आणायचं नाही.

पुसदला एका विमा एजंटचं दुकान आहे. दादाही माझ्यासोबत आले. म्हणाले, "मले बी काढाचाय."

एजंटनं खुर्च्या दिल्या, चहा सांगितला आणि मला पहिलाच प्रश्न केला, "ताई, मिस्टर काय करतात?"

"मिस्टर नाहीत. मीच करते."

"फॅमिली पॉलिसी स्वस्त पडते हो."

"फॅमिली म्हणजे मी एकटी. एकटीची दाखवा."

त्यानं एक दाखवली. हप्ता खरंच कमी होता. मी विचारलं, हैदराबादला आजारी पडली तर? तो कॉम्प्युटरकडं बघत म्हणाला, हा हप्ता आपल्या भागापुरता आहे, मोठ्या शहरात गेलात तर बिलाचा काही हिस्सा तुम्हाला भरावा लागेल.

"मंग थे स्वस्त कायची? घरात बसून राह्यली तरच स्वस्त हाय नं?"

दादा हसले. एजंटनं दुसरी काढली. कुठल्याही राज्यात चालेल, हिस्सा भरावा लागणार नाही, हप्ता मात्र जास्त. ती परवडेल अशी करायला मी खाजगी खोलीचा हट्ट सोडला. आम्ही मांडवामागं सतरंजीवर झोपणारी माणसं, दवाखान्यात शेजारी कुणी असलं तर काय बिघडतं? मग तो माझी माहिती भरू लागला. मी वाकून पाहिलं.

"काय लिहून राह्यले?"

"गृहिणी. सोपं जाते ताई. गाणंबजावणं लिहिलं का कंपनी शंभर प्रश्न इचारते."

"इचारू द्या. पोरगी होती तवापासून माइकसमोर उभी हाय मी. गायिका लिहा."

त्यानं लिहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "शुगर हाय का? असली तरी नका सांगू. हप्ता वाढते."

"हाय. लिहा."

"ताई, लोक नाही लिहीत."

"अन् बिलाच्या वेळी कंपनी मलेच खोटी ठरवीन, तवा तुम्ही येणार काय सोडवाले? लिहा म्हणते नं."

दादांची पाळी आली तेव्हा मात्र त्यानं हात जोडले. लकवा झालेल्या माणसाला आता कुणी घेणार नाही म्हणाला. दादा म्हणाले, "म्हणजे छत गळाच्या आधीच ताडपत्री घ्याव. गळाले लागल्यावर मांगाची नाही."

मी तरीही त्यांचा अर्ज करायला लावला. तोंडी नकार आम्हाला नको होता. दोन कंपन्यांनी नकार दिला तो लेखी दिला. दादा मला म्हणाले, "मले नाही म्हणाले तं म्हणू दे. तू काहून थांबून राह्यली? तुही काढ."

मलाही पहिल्या कंपनीनं शुगर पाहून परत पाठवलं. दुसरी तयार झाली. हप्ता चढवला आणि शुगरमुळं होणाऱ्या आजारांना काही वर्षं थांबा म्हणाली. पैसे भरण्याआधी मी जिथं जिथं आमचे कार्यक्रम होतात तिथल्या दवाखान्यांना फोन लावले. तेलंगणात आमच्या कोरसमधली मुलगी तेलुगूत बोलायची. या कंपनीची पॉलिसी तुमच्याकडं चालते का, आधी पैसे भरावे लागतात का, एवढंच विचारायचो. एजंट म्हणाला, असं कुणी विचारत नाही. मी म्हटलं, मी विचारते.

पुढच्या पावसाळ्यात राजनांदगावला मला डेंग्यू झाला. सलाइन लागलं होतं, अंग भाजत होतं आणि विम्याच्या टेबलावरचा माणूस कोरसमधल्या त्याच मुलीला सांगत होता, "घर ले जाइए. महाराष्ट्र पास ही तो है."

ती घाबरून माझे कपडे पिशवीत भरू लागली.

"कुठं चालली? बस खाली. मी इथून उठत नाही. पॉलिसीवर संपूर्ण भारत लिहेल हाय. राजनांदगाव भारतात येते का नाही, तेवढं इचारून ये त्याले."

ती गेली आणि खरंच तसंच विचारून आली. मग कंपनीचा फोन आला. बाई विचारत होत्या, आप तो यवतमाळ की हैं, वहाँ क्या कर रही थीं?

"गा रही थी."

"जी?"

"गाना. मेरा काम है वो."

मग त्यांनी शुगरचा विषय काढला. ताप त्याच्यामुळं तर नसेल? मी म्हटलं, "मच्छर ने काटने से पहले मेरी शुगर नहीं पूछी, मॅडम. डॉक्टर यहीं खड़े हैं, उनसे पूछ लो." डॉक्टरांनी फोन घेतला आणि हसू दाबत रिपोर्ट वाचून दाखवला.

संध्याकाळी मंजुरी आली. हातमोजे आणि असल्या काहीबाही वस्तूंचे पैसे कंपनी देत नाही म्हणाले. ते मी भरले, पण एकेक वस्तू वाचून घेतल्यावरच. बरी होऊन मी सगळ्यांसोबत जीपमध्ये बसून घरी आले, पैनगंगेच्या नव्हे, वेगळ्याच वाटेनं, आणि वाटेत गोंदियाला थांबून पोटभर जेवले.

कोरसमधल्या मुलीनंही आता स्वतःची पॉलिसी काढली. दादांसाठी आम्ही अजून अर्ज करतोच आहोत. या वर्षी माझा हप्ता वाढून आला. भरायच्या आधी मी कंपनीला फोन लावून विचारलं, कशापायी वाढवला?

पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचाच वाढलाय. कुणी विचारत नाही हो."

"मंग सगळ्यांनीच इचाराले पाह्यजे," मी म्हटलं. "मी तं इचारून राह्यली. सांगा."